आड आलेली फांदी

आष्टा आणि आसपासच्या गावांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या निम्म्या माणसांनी धनपाल मगदूमची बोलणी खाल्ली आहेत. "ओ मामा, सरका जरा तिकडं!" "काकू, ती कळशी उचला तिथनं!" "नवरदेव, हार परत घाला, मगाशी घातला त्यात काय मजा न्हाई आली." मंगलाष्टकं म्हणणारे उपाध्ये बिचारे मध्येच थांबून हात जोडायचे. एका लग्नात नवरीच्या आजोबांची खुर्ची धनपालनं इतक्या वेळा इकडून तिकडे हलवली, की आजोबा चिडून जेवणाच्या मांडवात जाऊन बसले आणि अक्षता टाकायलाही आले नाहीत. अल्बममध्ये ते नाहीतच. पण अल्बम बघत राहावा असा झाला, हे आजोबांच्या घरचेही कबूल करतात.

"फ्रेम स्वच्छ पायजे," हा त्याचा एकच मंत्र. मांडवात जे हलवता आलं नाही ते तो नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकी. स्विचबोर्ड, पंखा, कुणाचं तरी कोपर, भिंतीवरच्या पालीची शेपटी, सगळं साफ. या नादात एकदा त्यानं नवरीचा सख्खा मामाच पुसला. मामा जरा बाजूला, तोंड वाकडं करून उभा होता. धनपालला वाटलं, कुणी आचारी असेल. मग ते मामा चार माणसं घेऊन स्टुडिओत आले. ती हकीकत आष्ट्यात अजून चवीनं सांगतात.

त्याची मुलगी अंकिता दोन वर्षांपासून स्टुडिओत काम करू लागली होती. तिची तऱ्हा वेगळी. ती कुणाला काही सांगायची नाही. स्वतःच खुर्चीवर चढायची, गुडघ्यावर बसायची, खांबामागून वाकायची. "पप्पा, आड येतंय तर आपण सरकावं की. माणसास्नी कशाला हलवायचं?" असं ती म्हणाली की धनपाल कीव आल्यासारखा तिच्याकडे बघायचा. अजून एकही कार्यक्रम त्यानं तिच्या एकटीच्या हाती दिला नव्हता.

असा हा माणूस मार्चअखेरीला, दोन मुहूर्तांच्या मधली फट साधून, पक्ष्यांचे फोटो काढायला कोयनानगरला निघाला. नेणारा होता त्याचा शाळेपासूनचा दोस्त धैर्यशील, वाळव्याकडचा ऊसवाला. धैर्यशीलला हे वेड आधी लागलेलं. हातभर लांब लेन्स घेऊन तो कृष्णेच्या काठानं बगळ्यांच्या मागं हिंडायचा. "लय नवऱ्या बघितल्यास गड्या," तो म्हणाला, "आता जरा पाखरं बघ. तिथं धनेशाचं घरटं घावलंय. आन् तिथं 'हार परत घाला' म्हणायची सोय न्हाई." रविवारी संध्याकाळी माधवनगरात एका घरची हळद होती. रविवारी दुपारी जेवून निघालं की वेळेत पोचू, असं दोघांनी ठरवलं.

निघताना गुणमालानं, म्हणजे धनपालच्या बायकोनं, दशम्या, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि पाणी गाळायचं फडकं बांधून दिलं. "दिवस मावळायच्या आत जेवून घ्या," ती म्हणाली. "आन् कुठल्या जिवाला तरास देऊ नका, रानात चाललाय ते."

"अगं, कॅमेरा घेऊन चाललोय, बंदूक न्हाई," धनपाल हसत म्हणाला.

कराड मागं पडलं, पाटण गेलं, रस्ता डोंगरात शिरला आणि उसाच्या मळीचा वास संपला. कोयनानगरात दुपारच्या वेळी कुणाचा आवाज चढलेला नव्हता. जुन्या वसाहतीतल्या बैठ्या घरांच्या ओळी, बंद खिडक्या, चहाच्या टपरीवर पेपर तोंडावर घेऊन झोपलेला एक माणूस. तिथून वर एका वाडीत जोतीरामचं घर. जोतीराम फौजेतून पेन्शनीत निघालेला. घराला दोन खोल्या वाढवून त्यानं पाहुणे ठेवायला सुरुवात केली होती. घरटं त्याच्याच मालकीच्या रानात होतं आणि ते त्यानं मोजक्याच माणसांना दाखवलं होतं.

शनिवारी दुपारी तो दोघांना घेऊन गेला. "बोलायचं न्हाई, खोकायचं न्हाई, मोबाईल बंद," असा फौजी हुकूम वाटेतच सुटला. ओढ्याच्या कडेला उतारावर जुना रानआंबा होता. त्याचं बूड खाली ओढ्यात आणि धड वर आलेलं, त्यामुळे खोडातली ढोली उतारावरच्या पाऊलवाटेच्या बरोबरीला येत होती. वाटेला लागून जोतीरामनं रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीचा आडोसा उभा केला होता. आत तिघं दाटीवाटीनं बसले.

"दिसली का फट?" जोतीराम कुजबुजला. "मादी आत हाय. मातीनं आन् विष्ठेनं तिनं सोताला आतनं लिंपून घेतलंय. चोच भाईर येईल एवढीच फट ठेवलीया. नर आणंल तेच खायाचं. तिचं, पिल्लांचं, समद्यांचं पोट त्या एकट्यावर."

"आन् त्यो न्हाई आला तर?" धनपालनं विचारलं.

जोतीराम म्हणाला, "दोन सालामागं खालच्या अंगाला आसंच घरटं हुतं. नर इजेच्या तारंला चिकटून मेला. मादीची पंखाची पिसं झडल्याली असत्यात ना ह्या दिसांत, भाईर पडून तरी कुठं जाणार? लय दिस फटीत चोच दिसायची. मग दिसंनाशी झाली."

"मग तू फोडायचीस की रं ती भिंत!"

"काय करावं ते कुणाला म्हाईत हुतं, अण्णा? मी काय पाखरू हाय व्हय? आज दुसरा येईल, उद्या येईल म्हणत बसलो." त्यानं मान फिरवली आणि पुन्हा त्या विषयावर तो आला नाही.

थोड्या वेळानं रानात कुणीतरी खोकत खोकत हसल्यासारखा आवाज झाला आणि नर आला. राखाडी अंग, वाकडी पिवळट चोच, भुवई उंचावल्यासारखा चेहरा. तो आधी ढोलीसमोरच्या एका वाळक्या फांदीवर बसला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग खोडाला जाऊन चिकटला. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं. त्यानं घशातून एकेक उंबर वर काढून त्या टोकात ठेवलं. धनपालनं आयुष्यात हजारो नवऱ्यांना बायकांच्या तोंडात घास भरवायला लावला होता, कॅमेऱ्याकडे तोंड करून, तेही तीन-तीनदा. असा घास त्यानं बघितला नव्हता.

पण फोटो बघितले आणि त्याचं तोंड उतरलं. ती वाळकी फांदी! खोडाच्या डाव्या अंगानं निघून ती ढोलीसमोरून तिरकी वाटेकडे आली होती. प्रत्येक फोटोत नराच्या गळ्यावर काट मारल्यासारखी रेघ. धैर्यशीलनं तेच फोटो खुशीत बघितले. धनपालला मात्र संध्याकाळच्या जेवणात चव लागेना.

रविवारी पहाटे जोतीराम धैर्यशीलला गवे दाखवायला पाणलोटाकडे घेऊन गेला. धनपाल म्हणाला, मी आडोशातच बसतो. नर दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा रेघ. धनपाल जाळीत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात झाला, पण जाळीची भोकं ठरावीक जागीच कापलेली होती आणि जाळी हलवायची म्हणजे मोठंच काम. त्यापेक्षा फांदी सोपी. तिचं टोक वाटेपासून हातभरावर तर होतं.

आता धनपाल जैनाच्या घरातला. हिरवी काडी त्यानं मोडली नसती, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. पानाला हात लावताना त्याचा हात आपोआप आखडे. पण ही वाळलेली होती, साल सुटलेली, पान नावाला नाही. वाळक्या लाकडात कसला आलाय जीव, असं त्यानं स्वतःशीच म्हटलं आणि मन लगेच पटलं. मोडायचीही नाही, नुसती जरा खाली ओढून सुतळीनं बांधायची, मांडवाचा पडदा बांधतात तशी. नर नुकताच गेला होता. धनपाल बाहेर आला, उन्हासाठी आणलेल्या छत्रीच्या मुठीनं फांदी धरली आणि ओढली.

कट् असा आवाज झाला. फांदी खोडापासून वीतभर सोडून तुटली आणि घसरत खाली ओढ्यात गेली. ढोलीच्या फटीतलं चोचीचं टोक चटकन आत गेलं.

धनपालनं खाली ओढ्यात वाकून बघितलं. मग आत जाऊन बसला आणि कॅमेऱ्यातून बघितलं. फ्रेम अशी स्वच्छ झाली होती की त्याला राहवेना. आता नुसता नर यायचा बाकी होता.

नर आला. हसण्याचा आवाज झाला, राखाडी पंख झाडांतून खाली उतरले, ढोलीच्या समोर हवेत एकदम थबकले. बसायला काही नव्हतं. पंख फडफडले, पाय पुढं आलेले तसेच पोटाशी गेले आणि तो वळून लांबच्या किंजळीच्या झाडावर जाऊन बसला. चोचीत उंबर तसंच. तिथून तो ढोलीकडे बघत राहिला. पुन्हा आला, पुन्हा हवेत थबकला, पुन्हा मागं फिरला. तिसऱ्या वेळी तो जवळ आलाच नाही. किंजळीवरून उडाला आणि डोंगरापलीकडे गेला.

"येईल. जाऊन जाऊन जाणार कुठं?" धनपाल पुटपुटला. ऊन चढलं. रानात दुसऱ्या पाखरांचे आवाज येत होते, तो एक येत नव्हता. मध्येच फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं, थोडा वेळ तसंच राहिलं आणि आत गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. त्यानंतर धनपालला कॅमेऱ्यातून बघवेना.

वाटेवर पावलं वाजली. धैर्यशील घामानं निथळलेला, पण खूश. "गवा मिळाला गड्या! असला बैल..." तो बोलता बोलता थांबला, कारण जोतीराम ढोलीकडे बघत होता.

"फांदी कुटं गेली?" जोतीरामनं विचारलं.

"वाऱ्यानं मोडली वाटतं," धनपालच्या तोंडून निघून गेलं.

जोतीरामनं आभाळाकडे बघितलं. पान हलत नव्हतं. पण तो म्हणाला, "वाळकीच हुती," आणि जाळीत येऊन बसला. "नर कवा आलता?"

"मगाशी. बसला न्हाई."

तिघं बसून राहिले. एकदा लांबून तो हसण्यासारखा आवाज आला आणि तिघांच्याही माना वर झाल्या. नर किंजळीवर आला, बराच वेळ बसला आणि चोचीतलं उंबर स्वतःच गिळून निघून गेला. जोतीरामचा चेहरा पडला. बोटं मोडत तो म्हणाला, "त्याला त्याची रोजची जागा पायजे. तिथनं सगळीकडं बघून मगच त्यो ढोलीला जातो. किंवा आपलाच वास आला आसंल. काय कळंना बगा."

धैर्यशीलनं घड्याळ बघितलं. "धनपाल, निघाय पायजे बाबा. माधवनगरची हळद हाय. आपण हितं बसून काय त्यो यायचा हाय का? आपण गेलो तर उलट बरं, यील तरी."

किती सोपं होतं! गाडीत बसायचं, खाली उतरायचं, कराडला चहा घ्यायचा, संध्याकाळी हळदीचे फोटो. आपल्या मागं इथं काय झालं ते आपल्याला कळणारही नाही. धनपाल उठला, बॅग खांद्याला लावली, वाटेवर चार पावलं चाललासुद्धा. मग गुणमालाचं ते निघतानाचं वाक्य त्याला आठवलं आणि आपण काय हसून उत्तर दिलं होतं तेही. तो मागं वळला.

"जोतीराम, वारा न्हवता. मी मोडली ती. फोटोत आड येत हुती म्हणून."

जोतीराम ताडकन उठला. "फोटोत आड येत हुती?" तो आता कुजबुजत नव्हता. "आरं, ते घर हाय तिचं! तुमच्या फोटोसाठनं बांधलंय व्हय तिनं? दोन सालामागं एक डोळ्यादेखत गेली माझ्या. आता ही बी?" त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. धैर्यशील मध्ये पडायला गेला, तर धनपालनंच त्याला हातानं थांबवलं. त्याला ते सगळं ऐकून घ्यायचं होतं. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही भान त्याला नव्हतं.

जोतीरामचा राग उतरला तसा तो मट्कन खाली बसला. "आता काय करायचं, सांगा. झाडाजवळ गेलो तर त्यो आणिक बिथरंल. न्हाई गेलो तर बसाय जागा न्हाई."

शेवटी धनपाल म्हणाला, "गेल्या वेळेला तू वाट बघत बसलास. आता बसायचं न्हाई. फांदी हुती तिथं परत लावायची, आन् लगेच लांब जायाचं. चुकलं तर माझं चुकलं."

त्यानं मोबाईल चालू केला आणि वाडीच्या वर जिथं रेंज येते तिथं जाऊन अंकिताला फोन लावला. "माधवनगरची हळद तू कर. मला यायला व्हायचं न्हाई."

"मी एकटी?" तिचा विश्वास बसेना. "पप्पा, बरं हाय न्हवं तुमाला?"

"बरं हाय. तुझ्या पद्धतीनं कर. कुणाला हलवू नको," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला. पलीकडे ती बराच वेळ फोन हातात धरून उभी राहिली असणार.

फांदी ओढ्यातून जोतीरामनं शोधून आणली. नशिबानं ती अखंड होती. झाडावर चढायलाही तोच सरसावला होता, पण धनपाल म्हणाला, "मी मोडली, मीच बांधणार." पन्नाशी उलटलेला माणूस, सुटलेलं पोट, जिना चढताना कुरकुरणारे गुडघे. वाटेकडे झुकलेला एक जाड फांदा होता. त्याच्यावर घोड्यावर बसतात तसा बसून तो इंच इंच पुढं सरकला. धैर्यशीलनं कमरेला दोर बांधून दुसरं टोक धरलं होतं. खाली ओढ्यातले दगड दिसत होते. धनपालनं खाली बघायचं सोडून दिलं.

मोडलेल्या खुंटाशी तो पोचला तेव्हा ढोलीची फट त्याच्या तोंडापासून हाताच्या अंतरावर होती. तो श्वास धरून राहिला. फटीच्या आत अंधार होता आणि त्या अंधारात एक डोळा होता. तो डोळा त्याच्याकडे बघत होता, हलत नव्हता. धनपालनं इतक्या वर्षांत अगणित डोळे बघितले होते, लाजरे, रडवेले, झोपाळलेले. कॅमेऱ्याशिवाय इतक्या जवळून कुणाच्या डोळ्यांत त्यानं बघितलं नव्हतं. आतून बारीक चिरचिर ऐकू आली. पिल्लं होती.

फांदीचं बूड खुंटावर टेकवून त्यानं सुतळी गुंडाळली, पण ओढायला गेला की ती सालीवरून सटकायची. तिसऱ्या खेपेला सुतळी हातातून निसटून खाली गेली. "दुसरी आणतो, थांबा," जोतीराम वाटेवरून कुजबुजला. पण धनपालला तिथं आणखी एक क्षण काढायचा नव्हता. त्यानं गळ्यात अडकवून ठेवलेला कॅमेऱ्याचा पट्टा काढला. कॅमेरा पट्ट्याच्या कडीतून सोडवून केव्हाच खाली ठेवला होता, पट्टा मात्र सवयीनं गळ्यातच राहिला होता. रुंद, काळा, मजबूत पट्टा. खुंट आणि फांदी त्यानं त्या पट्ट्यानं करकचून आवळली आणि गाठीवर गाठ मारली. फांदीचं दुसरं टोक जोतीरामनं वाटेजवळ त्या जाड फांद्याच्या बेचक्यात अडकवलं. फांदी पहिल्यासारखी तिरकी, ढोलीच्या समोर आली.

वाटेवर परत आल्यावर धनपालनं कमरेचा दोर सोडला. मग तो म्हणाला, "आता ही जाळी काढ जोतीराम. आपण लांब जाऊ."

"लांबनं काय दिसायचं न्हाई अण्णा."

"न्हाई दिसंना. आड आपणच आलोय."

जाळी गुंडाळून ते वर, हिरड्याच्या झाडामागं जाऊन बसले. तिथून ढोली पानांच्या फटीतून तुकड्या-तुकड्यानं दिसत होती. लग्नाच्या हॉलमध्ये अशी जागा कुणी दिली असती तर धनपालनं आभाळ डोक्यावर घेतलं असतं.

ऊन कललं, नर आला नाही. सावल्या ओढ्यात उतरल्या, तरी नाही. धैर्यशील एरवी गप्प बसणारा माणूस नव्हे, पण तोही मोबाईलला हात न लावता बसला होता. एकदा पंखांचा आवाज आला आणि तिघं ताठ झाले, तर तो रानकोंबडा निघाला. जोतीराम घरी जाऊन धनपालचा डबा घेऊन आला. मघाचा राग त्याच्या चेहऱ्यावर आता नव्हता. "अण्णा, दिस बुडाय लागलाय. मागनं तुमाला जेवाय चालत न्हाई. सकाळधरनं पाणी बी न्हाई घेतलासा."

धनपालनं डबा हातात घेतला आणि तसाच बाजूला ठेवला. "ती उपाशी हाय रं आत," तो म्हणाला. जोतीराम त्याच्या शेजारी बसला आणि त्यानंही आपल्या भाकरीचं फडकं सोडलं नाही.

सूर्य डोंगराला टेकला. धनपालनं मनातल्या मनात णमोकार सुरू केला होता. किती वेळा म्हटला ते त्याचं त्यालाही कळलं नसेल. उजेड ओसरत चालला आणि त्याच्याबरोबर धीरही. उद्या सकाळी भिंत फोडायची का, फोडली तर पिल्लांना कोण भरवणार, उंबर आपण नेऊन दिलं तर ती घेईल का, असले विचार त्याच्या डोक्यात घुमत होते.

तेव्हा डोंगरापलीकडे कुणीतरी खोकत खोकत हसलं.

कुणी हललं नाही. नर किंजळीवर येऊन बसला. मान वाकडी करून त्यानं खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. धैर्यशीलची बोटं धनपालच्या दंडात रुतली होती. मग नर उडाला, ढोलीसमोर आला, हवेत थबकला, आणि पाय पुढं टाकून फांदीवर बसला. फांदी त्याच्या वजनानं खाली दबली, डुगडुगली. पट्टा ताणला गेला. पट्टा टिकला. नरानं पायाखालच्या त्या काळ्या पट्ट्याकडे बघितलं, एकदा चोच मारून बघितली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि खोडाला जाऊन चिकटला. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं, ते आत गेलंच नाही. उंबर, आणखी एक उंबर, आणखी एक.

धनपाल तोंडावर हात दाबून रडत होता. "धनपाल, फोटो," धैर्यशील कानाशी म्हणाला, "आरं, फोटो काढ." तेव्हा कुठं त्याला कॅमेऱ्याची आठवण झाली. त्यानं उचलला आणि बटण दाबलं. उजेड नव्हता, हात स्थिर नव्हता, मध्ये हिरड्याची पानं होती. तो जेवला नाही ते नाहीच, कारण सूर्य बुडून गेला होता. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर जोतीरामच्या अंगणात त्यानं पाणी गाळून घेतलं, दोन तांबे रिकामे केले आणि नर दोनदा घास देऊन गेलेला बघूनच गाडीत बसला.

माधवनगरच्या लग्नात तो धापा टाकत अक्षतांच्या आधी पोचला. नवरीची आजी अगदी पुढं, चाकाच्या खुर्चीत, बरोबर स्टेजच्या आड बसली होती. लोकांनी धनपालकडे बघितलं आणि आता ओरडणार म्हणून आजीचा नातू स्वतःच खुर्ची हलवायला धावला. "बसू दे त्यांना," धनपाल म्हणाला आणि स्वतःचं स्टँड उचलून दुसरीकडे गेला. अंकिता हातातला कॅमेरा खाली घेऊन बघतच राहिली.

मे महिन्यात जोतीरामचा फोन आला. "अण्णा, भिंत फोडली तिनं! भाईर आलीया. पिल्लं बी उडाली, दोन हायती. आन् तुमचा पट्टा तसाच हाय झाडावर. काढून धाडू का?"

"र्‍हाऊ दे तिथंच," धनपाल म्हणाला. "पुढल्या सालाला बसाय लागंल त्याला."

त्या दिवशी त्यानं अंकिताला त्या संध्याकाळचा तो एकुलता एक फोटो मोठा करायला सांगितला. अस्पष्ट होता. कोपऱ्यात हिरड्याचं पान आलेलं, नराचं अर्धं अंग सावलीत, आणि मधोमध, सगळ्यांत आधी डोळ्यांत भरेल असा, फांदीला करकचून बांधलेला काळा पट्टा. त्याची टोकं लोंबत होती. अंकितानं बापानंच शिकवल्याप्रमाणे कर्सर त्या पट्ट्यावर नेला. "पप्पा, हे पुसते. एका मिनिटाचं काम हाय, फांदी नुसती अखंड दिसंल."

धनपालनं तिचा हात धरला.

"नको," तो म्हणाला. "मोडली हुती ते दिसू दे."